सहकारी तत्त्वावरचा रॅक

कळंबोलीत राहून स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करायला बसणं म्हणजे लग्नघरी जाताना घरून डबा नेणं. इथे डावीकडे वळलं की गॅरेज, उजवीकडे वळलं की टायरवाला आणि सरळ गेलं की वेल्डिंगच्या ठिणग्या. मुंबईचा लोखंड बाजार बंदराजवळच्या गल्ल्यांतून उठून इथे आला, तेव्हापासून या गावात माणसांपेक्षा चाकांची संख्या जास्त असावी असा माझा अंदाज आहे. न्हावाशेव्याचे कंटेनर इथून जातात, गोव्याला निघालेले लोक इथल्या सर्कलवर अडकून पश्चात्ताप करतात, २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो आणि पनवेलचं आरटीओही इथेच आहे. अशा गावात एक निवृत्त गृहस्थ रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात जुनी सतरंजी अंथरून गाडीखाली शिरतो, ही बातमी दाबून ठेवणं कुणालाही शक्य नव्हतं.

हे गृहस्थ म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे काका. त्यांचं आयुष्य स्टील मार्केटात वजनकाट्यावर गेलं. भरलेला ट्रेलर, रिकामा ट्रेलर, वजाबाकी, पावती. माणूस समोर आला तरी ते आधी त्याचं वजन करतात आणि मग नमस्कार. त्यांच्याकडे मारुती ८०० आहे. ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात आणि कारखान्यातून निघायची थांबली २०१४ च्या जानेवारीत. काकांची यामधली कधीतरीची. मूळचा पांढरा रंग आता दुधाकडून चहाकडे झुकलेला आहे. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेली, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो, आता एक पार्किंग रिकामं होणार. काकांनी पाच हजार भरले, पर्यावरण कर भरला आणि पावत्या देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. भंगाराचा भाव त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला ठाऊक आहे. म्हणूनच ते गाडी देत नाहीत.

तर या गाडीतून 'खट्' असा आवाज यायला लागला. मोठ्या खड्ड्यात यायचा नाही. लहानशा खाचेवरून हळू वळताना हटकून यायचा. आमच्या इमारतीत निदानाची पद्धत अशी आहे, की ज्याला जे झालंय तेच गाडीला झालंय असं तो सांगतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले म्हणाले, "बुश गेले." कमरेला पट्टा लावणारे म्हणाले, "शॉकअप बसलेत." ज्यांचं नुकतंच कर्ज मंजूर झालं होतं ते म्हणाले, "नवीन घ्या की." निदान केलं ते काकूंनी. गेली कित्येक वर्षं डाव्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला त्या गाडीबद्दल जे कळतं ते कंपनीच्या इंजिनिअरलाही कळणार नाही. त्या म्हणाल्या, "अहो, आवाज माझ्या पायाखालून येत नाहीये. तुमचे हात थरथरतायत बघा, तिथून येतोय."

मग तपासणी झाली. पुढचं चाक जॅकवर उचललं, काकांनी ते नऊच्या आणि तीनच्या आकड्यावर धरून हलवलं आणि मला स्टिअरिंगच्या रॅकच्या टोकावरच्या घड्यांच्या रबरावर हात ठेवायला सांगितलं. गॅरेजवाले त्या रबराला बूट म्हणतात. बुटाला चीर गेली होती आणि आत हाताला स्पष्ट धक्का लागत होता. बोटं बाहेर काढली तर त्यांना ग्रीस नव्हतं, कळंबोली लागली होती. या गावाचं आणि पाण्याचं नातं जुनं आहे. २६ जुलै २००५ ला इथले तळमजले पाण्यात होते आणि आजही मोठा पाऊस झाला की खोलगट सेक्टरांत गाड्या पोटापर्यंत भिजतात. फाटलेल्या बुटातून चिखल आत जातो, ग्रीसचा गाळ होतो, दातांना गंज चढतो आणि एक दिवस काकूंना ते कळतं.

रॅक ही चीज साधी आहे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं, पिनियन. ते ज्या आडव्या दातेरी दांड्यावर फिरतं तो रॅक. आपण हात गोल फिरवतो, दांडा आडवा सरकतो, त्याच्या टोकाचे टाय रॉड चाकांना ढकलतात-ओढतात. बस्स, एवढंच. कार्ल बेंझने १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं तेव्हा तिला तीनच चाकं होती, कारण पुढची दोन चाकं एकदम नीट कशी वळवायची हे त्याला सुटलं नव्हतं. पण ते एकुलतं एक पुढचं चाक वळवायलाही त्याने दातेरी दांडाच वापरला होता. दोन चाकांचं गणित खरं तर त्याच्याही आधी, घोडागाडीच्या जमान्यात, म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गरने सोडवलं होतं: वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे. त्याच्या वतीने १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतलं रुडॉल्फ आकरमान नावाच्या, चित्रं आणि पुस्तकं छापून विकणाऱ्या गृहस्थाने. आज जगभरच्या पुस्तकांत त्या रचनेला नाव आहे आकरमानचं. डोकं एकाचं आणि नाव शेजारी उभ्या असलेल्याचं, ही स्टिअरिंगच्या क्षेत्रातली दोनशे वर्षांची परंपरा आहे. आमच्या सोसायटीने ती पुढे कशी चालवली ते येईलच.

आपल्याकडे या रॅकवरून एक अन्याय झालेला आहे, तो जाता जाता सांगून टाकतो. मुंबईची माणसं फियाटच्या, म्हणजे नंतरच्या प्रीमियर पद्मिनीच्या, प्रेमात होती. कुर्ल्याला तयार होणारी, टॅक्सी होऊन शहरभर फिरणारी ही गाडी. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली तेव्हा लोकांनी डोळे पुसले. अँबेसेडरला मात्र याच मुंबईने बैलगाडी म्हटलं. आता पाहा, पद्मिनीला रॅक नव्हताच, जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स होता. रॅक होता तो अँबेसेडरला. पण कोणाचं ऐकायचं आणि कोणावर प्रेम करायचं हे आपण कधी तांत्रिक कारणांनी ठरवत नाही.

गॅरेजवाल्याने एक सोपा उपाय सुचवला होता: "काका, टाइट करून देतो." रॅकच्या मागे स्प्रिंगचा एक दट्ट्या असतो, तो दांड्याला पिनियनवर दाबून धरतो. त्याचा स्क्रू पिळला की प्ले, म्हणजे दातांमधला ढिलेपणा, कमी होतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण रॅकचे दात मधोमध जास्त झिजतात, कारण माणूस बहुतेक वेळ सरळच जातो. कडेचे दात नव्यासारखे असतात. मधला प्ले घालवायला स्क्रू आवळला, की पूर्ण वळवताना स्टिअरिंग कडेला घट्ट होऊन बसतं आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ यायचं विसरतं. काकांनी हे ऐकून घेतलं, मान हलवली आणि जाहीर केलं, "रॅकच बदलायचा. आणि घरी बदलायचा." घरीच का, असं कुणी विचारलं नाही. निवृत्तीनंतर माणसाला दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास राहत नाही, एवढं आम्हाला कळत होतं.

आता आडवा आला तो सूचनाफलक. 'आवारात वाहनदुरुस्ती करू नये. हुकुमावरून.' सचिवांनी अर्ज मागितला. काकांनी तो तीन प्रतींत दिला. सचिवांच्या अटी अशा: खाली पुठ्ठे अंथरावेत, तेलाचे डाग पडू नयेत, हातोडी दुपारी एक ते चारमध्ये वाजवू नये. रविवारी सकाळी पुठ्ठे बघायला म्हणून ते स्वतः खाली आले, खुर्ची मागवली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत उठले नाहीत. वार्षिक सर्वसाधारण सभा आमच्याकडे दरवर्षी गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होते. त्या सकाळी पहिलं चाक सुटायच्या आत गणसंख्या पूर्ण झाली होती.

तयारी मात्र काकांची. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केलेले. आणि पुढच्या अंगाला टेकू द्यायला त्यांनी बाजारातल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून चॅनेलचे दोन घोडे बनवून घेतले होते. स्टील मार्केटात आयुष्य काढलेल्या माणसाने बनवून घेतलेले घोडे, म्हणजे त्यांवर कंटेनर ठेवला तरी चाललं असतं. वर साडेसहाशे किलोची मारुती, बारा इंची चाकं काढून ठेवलेली. घोड्यांकडे बघून गाडी जरा संकोचलेली वाटत होती.

चौथ्या मजल्यावर ट्रेलर चालवणारे एक साताऱ्याकडचे भाऊ राहतात. ते दात घासत घासत आले आणि म्हणाले, "आमच्या गाडीला रॅक नसतोय काका. बॉक्स असतोय." हे खरंच आहे. जड वाहनांना रॅक नसतो, त्यांच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये स्क्रूच्या आट्यांतून लोखंडी गोळ्या फिरत राहतात. म्हणजे ज्या गावात मेकॅनिक मोजता येत नाहीत, तिथल्या सगळ्यात अनुभवी चालकाने रॅक या वस्तूशी आपला संबंध नसल्याचं सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्यानंतर दीड तास ते सूचना देत होते.

पहिली लढाई टाय रॉड एंडची. त्याचा बॉल जॉइंट चाकाच्या आर्मच्या भोकात निमुळत्या खुंट्यावर बसलेला असतो. नट काढला तरी तो निघत नाही, कारण निमुळतं लोखंड निमुळत्या भोकात वर्षानुवर्षं रुतत गेलेलं असतं. काकांनी स्प्लिट पिन काढली, नट सैल केला आणि खुंट्यावर हातोडी मारली. काही नाही. पुन्हा मारली. सोसायटीतल्या दोन मुलांनी आकडे मोजायला सुरुवात केली, त्यांना घरी पाठवण्यात आलं. सचिव म्हणाले, "तेल सोडा." गुडघेवाले म्हणाले, "गरम करा." कर्जवाल्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला, त्यातला माणूस कोणती भाषा बोलत होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेवढ्यात ट्रेलरवाले भाऊ खाली वाकले. "काका, खुंट्याला मारू नका. भोकाला मारा. पलीकडनं मोठा हातोडा नुसता टेकवून धरा आन् अलीकडनं डोळ्याच्या बाजूला ठोका द्या. नट पुरता काढू नका, दोन आटे धरून ऱ्हाऊ दे, न्हाईतर उडंल." मी पलीकडून हातोडा टेकवला. काकांनी अलीकडून दोन ठोके दिले. तिसऱ्याला टक् आवाज झाला आणि जॉइंट आपण होऊन खाली बसला. बाजूने बसलेल्या धक्क्याने भोकाचा आकार क्षणभर दबतो आणि खुंटा मोकळा होतो, हे शास्त्र. ट्रकला असो की मारुतीला, टाय रॉड एंड दोघांनाही असतो, हे भाऊंचं म्हणणं. सभेत पहिल्यांदाच टाळ्या झाल्या.

जॉइंट रॉडवरून उलगडून काढायच्या आधी काकांनी चेकनटच्या पुढे किती आटे दिसतात ते मोजले, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे, आणि वहीत लिहिले. नवे एंड तितक्याच आट्यांवर बसले तर चाकांची दिशा साधारण जागेवर येते. मग स्टिअरिंग सरळ करून पट्ट्याने बांधलं आणि दांडा पिनियनला जोडणाऱ्या जॉइंटवर खूण करायची वेळ आली. खडू पुसला जात होता. काकांच्या नातीने स्वतःहून नेलपॉलिश आणून दिली. त्या गाडीच्या पोटात आज एक गुलाबी रेघ आहे, ती पुढच्या मेकॅनिकला कशी समजावून सांगायची हा प्रश्न काकांनी पुढच्या मेकॅनिकवर सोडला आहे.

चार बोल्ट सुटले आणि रॅक चाकाच्या पोकळीतून आडवा बाहेर आला. पुठ्ठ्यावर ठेवला आणि सगळ्यांनी त्याभोवती कोंडाळं करून पंचनामा सुरू केला. दांडा डावीकडे ओढला की मऊ, उजवीकडे ओढला की मऊ, मधोमध आला की खटखट. आता काकांमधला काटेवाला जागा झाला. इतक्या वर्षांत नेमकं किती लोखंड झिजलं, हे त्यांना ग्रॅममध्ये हवं होतं. रद्दीवाल्याकडून काटा मागवला. नवा रॅक ठेवला, आकडा लिहिला. जुना ठेवला. जुना जास्त भरला. शांतता पसरली. भाऊ म्हणाले, "चिखलासकट हाय काका." कर्जवाले म्हणाले, "कंपनी वेगळी आहे ना." सगळं खरं होतं, पण ज्याने आयुष्यभर भरलेल्यातून रिकामं वजा केलं त्या माणसापुढे झिजलेली वस्तू नव्यापेक्षा जड भरली होती. काकांनी दोनदा काट्याखालून हात फिरवून बघितला. मग पावती न फाडताच उठले.

नवा रॅक बसवायच्या आधी त्याचा मध्य शोधावा लागतो. पिनियन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेढे फिरतो ते मोजायचं, त्याच्या निम्म्यावर आणायचं आणि मगच जोडायचं. नाहीतर गाडी एकीकडे जास्त वळते आणि दुसरीकडे कमी. हे काम काकांनी कुणालाही करू दिलं नाही. बोल्ट बसले, गुलाबी रेघ रेघेला लागली, नवे बूट चढले. शेवटी राहिली स्प्लिट पिन. नट आवळून त्याची खाच खुंट्याच्या भोकासमोर आणली तर भोक गंजाच्या भुकटीने बुजलेलं. खुंटा म्हणाल तर नव्या एंडचाच, पण दुकानात किती पावसाळे पडून होता देव जाणे. पेचकस जाईना, तार वाकली. काकूंनी ओट्यापाशी उभं राहून खिडकीतून हे बघितलं, अंबाड्यातला आकडा काढला आणि गजांतून खाली दिला. एका फटक्यात भोक मोकळं. १८८८ मध्ये बेंझची बायको बेर्टा नवऱ्याला न सांगता मोटार काढून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हा वाटेत तुंबलेली इंधनाची नळी तिने टोपीच्या पिनेने साफ केली होती. मोटारीचा इतिहास नवरे लिहितात, पण अडलेलं भोक मोकळं करायला घरातूनच पिन यावी लागते. काकूंनी आकडा परत मागितला, धुऊन.

चाचणीसाठी काकांनी गाडी सेक्टरमधूनच फिरवून आणली. खट् गेला होता. गाडी सरळ जात होती, स्टिअरिंग मात्र किंचित डावीकडे तिरकं राहत होतं. अलाइनमेंटवाल्याने ते मशीनवर चढवलं, दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून सरळ केलं आणि सहज विचारलं, "कुणी बसवला रॅक? आटे बरोबर मोजलेत." काका काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून सचिव म्हणाले, "सोसायटीने."

त्या दिवसापासून रॅक आम्ही बदलला आहे. पुढच्या मासिक सभेत त्याचा उल्लेख झाला. भाऊ ट्रेलरवरच्या क्लीनरला सांगतात की जॉइंट त्यांनी सोडवला, आणि ते खरंही आहे. गुडघेवाले म्हणतात, मी आधीच म्हणालो होतो, बुश. काका कुणाचंच खोडत नाहीत. ते रोज संध्याकाळी गाडी काढतात, काकूंना डावीकडे बसवतात आणि मुद्दाम लहान खाचेवरून हळू वळतात.

तुमच्याही जुन्या गाडीत असा खट् येत असेल तर आधी बूट तपासा. फाटलेला बूट पावसाळ्याआधी बदलला तर बरेचदा रॅक वाचतो. घरी हात घालणार असाल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका आणि काढलेली स्प्लिट पिन पुन्हा घालू नका, नवी मिळते. अलाइनमेंट झाल्याशिवाय द्रुतगती मार्गाकडे वळू नका. आणि काम रविवारी सकाळी ठेवणार असाल तर पुठ्ठ्यांआधी खुर्च्या मांडा. सचिव उभे राहत नाहीत.